चार हजार नंबरचं रुसलेलं पोर्ट

“यंत्रेश्वर महाराज की!”

“जय!”

नव्वद ट्रॅक्टर, दोन-अडीचशे माणसं आणि डोक्यावर चढत चाललेलं ऊन. लासलगाव रस्त्यावरच्या त्या खासगी कांदा खरेदी केंद्रात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. गेटवरच्या मोठ्या टीव्हीवर सकाळी आठपासून एकच इंग्रजी ओळ थिजून बसली होती : ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. टीव्हीवर टोकन नंबर येत नव्हता. नंबर नाही म्हणून काटा बंद, आणि काटा बंद म्हणून कांदा जागचा हलत नव्हता.

ऑफिसच्या दारात भगवी शाल पांघरलेले, कपाळभर अष्टगंध फासलेले यंत्रेश्वर महाराज उभे होते. केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या काळ्या सर्व्हरला हार घातलेला, त्याच्या पंख्यासमोर पाच लिंबं मांडलेली, आणि महाराज कापराची आरती ओवाळत होते. धूर पंख्यातून आत जात होता.

“मूर्खांनो, याला तुम्ही पोर्ट म्हणता!” महाराजांचा आवाज मोठा आणि खर्जातला होता. “अरे, हे द्वार आहे द्वार! सर्व्हर म्हणजे देव. क्लायंट म्हणजे भक्त. भक्त द्वाराशी आला आणि देवाने त्याला रिफ्यूज केलं. का केलं?”

“का केलं, महाराज?” गर्दीने विचारलं.

“कारण द्वारावर सावली पडली! ज्या घरात देव्हारा नाही, त्या घरची सावली, त्या घरचा विटाळ! चार हजार नंबरच्या द्वाराचा द्वारपाल रुसलाय. एकशे आठ जप होईस्तोवर कुणी यंत्राला हात लावायचा नाही.”

जप सुरू झाला. महाराजांचे ओठ हलत होते, बोटं माळेवर सरकत होती. सुपरवायझर हर्षल त्यांच्यामागे एक हात खिशात घालून, मान खाली घालून उभा होता. एकशे आठावा मणी सरला, महाराजांनी “ओम फट्!” म्हणून सर्व्हरवर पाणी शिंपडलं आणि हर्षलला खूण केली. हर्षलने प्रोग्रॅम चालू केला.

गेटवरच्या टीव्हीवर ती ओळ पुसली गेली. ‘टोकन क्रमांक १.’

गर्दीतून आरोळी उठली. माणसांनी टोप्या उडवल्या, ट्रॅक्टरवाल्यांनी हॉर्न वाजवले, शंभर मोबाइल वर गेले. कंपनीचे अध्यक्ष कारभारी अण्णा, साठी ओलांडलेला धीराचा माणूस, महाराजांच्या पायावर डोकं ठेवून उठले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

वीस पावलांवर, वजनकाट्याच्या शेडखाली, पिंकी उभी होती. तिला तिथंच उभं राहायला सांगितलं होतं. त्या घरची सावली म्हणजे ती.

तिच्या शेजारून कळवणकडची एक म्हातारी शेतकरीण, चतुराबाई, आपल्या ट्रॅक्टरकडे निघाली होती. पहाटे तीनला घरून निघालेली बाई. तिने पदर सावरला आणि पिंकीपासून हातभर लांबून वळसा घेतला.

“बाई, तू जरा लांबच ऱ्हाय,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “माझा नंबर येऊ दे निदान.”

तो नंबर देणारा टोकनचा प्रोग्रॅम पिंकीनेच लिहिला होता.

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका कंपनीत तिने तीन वर्षं रुबी नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेत काम केलं होतं. आईचं, भिमाबाईचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती गावी परतली आणि इथे लागली. त्याआधी या आवारात टोकन कागदाच्या चिठ्ठ्यांवर मिळायचं. ज्याची ओळख मोठी, त्याची चिठ्ठी वर. पिंकीने दीड महिना बसून प्रोग्रॅम केला. सर्व्हर ऑफिसात, गेटवर आणि काट्यावर एकेक छोटा संगणक. ते दोघे सर्व्हरला चार हजार नंबरच्या पोर्टवर हाक मारायचे, सर्व्हर पुढचा नंबर सांगायचा. जो आधी आला तो आधी. त्यात कुणाला पुढे घुसवायची सोयच तिने ठेवली नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी हर्षल तिच्या टेबलापाशी आला होता.

“पिंकी, चार ट्रॅक्टर जरा वर घे ना. आपले घरचेच आहेत.”

“वर घेता येत नाहीत, सर. प्रोग्रॅममध्ये तसं नाहीच.”

“मग तसं कर.”

“नाही करणार.”

तो हसला होता. “बघू,” म्हणाला होता.

गेल्या शनिवारी सकाळी पिंकीने सर्व्हर चालू केला आणि प्रोग्रॅम उठलाच नाही. ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज.’ म्हणजे चार हजार नंबरची जागा आधीच कुणीतरी घेतलीय. तिने लगेच कोणकोणत्या पोर्टवर कोण ऐकतंय याची यादी काढली. यादीत चार हजार नव्हताच! जागा घेतलेली आहे, पण घेणारा कुठेच नाही. तिने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. तेच. तिसऱ्यांदा काही करणार, एवढ्यात हर्षलने तिला खुर्चीवरून उठवलं. “तू लांब हो. तुझ्याच्याने वाढेल. मी बोलावलंय एकांना.” तासाभरात महाराज हजर. सोमवारी पुन्हा तेच, या गुरुवारी पुन्हा तेच. सोमवार, गुरुवार, शनिवार हे सकाळी ऑफिस उघडायचे पिंकीचे दिवस. मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी हर्षल उघडायचा आणि सर्व्हर शहाण्यासारखा चालायचा.

लोकांनी बोटं मोजली. बोटं मोजायला अक्कल लागत नाही. हे असंच का होतं, हे विचारायला लागते, आणि ते कुणी विचारलं नाही.

दुपारी कारभारी अण्णांनी तिला बोलावलं. टेबलावर महाराजांचा प्रसाद होता. अण्णा तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हते.

“महाराज म्हणतात, दोष उतरवावा लागेल. शनिवारी सगळ्यांसमोर सर्व्हरपुढे नारळ ठेवायचा, नाक घासायचं आणि क्षमा मागायची. मग ठीक होईल.”

“कशाची क्षमा, अण्णा?”

“अगं, मान्य कर नाहीतर नको करू. नव्वद ट्रॅक्टर उभे राहतात. माणसं माझ्या अंगावर येतात.”

“आणि नाही मागितली तर?”

अण्णांनी प्रसादाची पुडी उगाच उलगडली, पुन्हा बांधली. “मग मला दुसरं माणूस बघावं लागेल.”

घरी गेल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढत गेला. विटाळ म्हणाले ते, सावली म्हणाले, आणि अडीचशे माणसांत एकानेही तोंड उघडलं नाही! भिमाबाई खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. तिने ताट बाजूला ठेवलं.

“माफी मागायला चूक लागते,” ती म्हणाली. “त्यांना म्हणावं चूक दाखवा. तू पण बघ, नेमकी चूक काय हाय ते. रडायचं मंग बघू.”

दोष उतरेपर्यंत तिला ऑफिसात यायला बंदी होती, म्हणून शुक्रवारी ती घरीच होती. सकाळी तिने आपला जुना लॅपटॉप काढला, वहीवर दोन ओळी लिहिल्या आणि त्यांच्याकडे बघत बसली. सर्व्हर म्हणतो : जागा घेतलेली आहे. गेट म्हणतो : नकार मिळाला.

नकार! तार तुटली असती, वायफाय गेलं असतं, तर गेटचा संगणक वाट बघून बघून थकला असता. वेळ संपली, असा निरोप आला असता. पण इथे ताबडतोब नकार येत होता. याचा अर्थ हाक त्या मशीनपर्यंत पोचत होती. तिथे चार हजार नंबरवर हाक ऐकणारं कुणी नव्हतं, एवढंच. मग जागा घेतलीय कुणी? जागा घेतलीय, पण ऐकत कुणी नाही. हे दोन्ही एकदम खरं कसं असेल?

आणि तिला एसटी आठवली. खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल! सीट धरलेली असते, बसलेलं कुणी नसतं. बसलेल्यांची मोजणी केली तर त्या सीटचा हिशेब लागत नाही. आपण बसायला जावं तर ‘जागा आहे’ म्हणून लोक ओरडतात.

तिने रुबीत चार ओळी लिहिल्या. एक सॉकेट, म्हणजे जोडणीचं टोक, उघड, चार हजार नंबर धर, ऐकायला बसू नकोस, नुसता झोपून राहा. चालवलं. मग शेजारी आपला टोकनचा सर्व्हर चालू केला. ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज.’ गेटवर असतो तसा क्लायंट चालू केला. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड.’ ऐकणाऱ्यांची यादी काढली. यादीत चार हजार नाही.

हुबेहूब. दोष, सावली, द्वारपाल, सगळं चार ओळींत मावलं होतं.

पिंकीला आनंद झाला नाही. तिच्या कानशिलापर्यंत संताप चढला. कारण असा रुमाल आपोआप पडत नाही. कुणीतरी तो बसून लिहिला होता, आणि तिचेच दिवस बघून टाकत होता.

शनिवारी गर्दी दुप्पट होती. व्हिडिओ गावोगाव फिरले होते. कांदा न आणता नुसती बघायला आलेली माणसंही होती. टीव्हीवर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ होतंच. मंडप, माईक, सर्व्हरला ताजा हार. महाराजांनी हात वर केला. “आज द्वाराचा दोष कायमचा उतरणार! पुढे ये, मुली. नारळ ठेव आणि नाक घास.”

पिंकी पुढे आली. तिने नारळ घेतला नाही, माईक घेतला.

“नाक घासायला मी तयार आहे,” ती म्हणाली. “पण आधी महाराजांनी जप करून सर्व्हर चालू करून दाखवावा. तीनदा केलाय, चौथ्यांदा करतील. फक्त आज आम्ही सगळे, मी, हर्षल सर, अण्णा, आपापले मोबाइल काढून ठेवू. महाराज, तुमचा पण. आणि मशीनच्या खोलीत महाराज आणि अण्णा सोडून कुणी नाही.”

“हा यंत्रदेवतेचा अपमान आहे!” महाराज गरजले.

“का, महाराज? मोबाइल पिशवीत टाकल्याने तुमची शक्ती कमी होते का?”

मागून कुणीतरी खिदळलं. एक ट्रॅक्टरवाला ओरडला, “बरोबर बोलली ती! होऊ द्या की! सकाळपासून उभं हाय आम्ही.”

कारभारी अण्णांनी महाराजांकडे बघितलं, मग गर्दीकडे. त्यांनी आपला मोबाइल खिशातून काढला. “घ्या कुणीतरी पिशवी.”

पुढे उभ्या असलेल्या चतुराबाईने आपली बाजाराची कापडी पिशवी उघडली. मोबाइल पडत गेले.

“माझा कशाला?” हर्षल म्हणाला. “मला घरून फोन यायचाय.”

“टाक,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, अर्जंट…”

“हर्षल, टाक!”

त्याने टाकला. महाराजांनी माळ काढली. एकशे आठ मणी सरले. “ओम फट्!” पाणी शिंपडलं गेलं. अण्णांनी आपल्या हाताने प्रोग्रॅम चालू केला. ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज.’ टीव्ही तसाच.

“श्रद्धा कमी पडतेय,” महाराज म्हणाले आणि पुन्हा बसले. दुसरा जप चालू असताना त्यांचं लक्ष माळेवर कमी आणि चतुराबाईच्या पिशवीवर जास्त होतं. एकशे आठ. फट्. काही नाही. तिसऱ्या जपाला गर्दीतली पोरं मोठमोठ्याने मणी मोजायला लागली. तरी काही नाही. अष्टगंधातून घाम ओघळला.

“अण्णा,” पिंकी म्हणाली, “आता मला पाच मिनिटं द्या. मशीनचा पडदा गेटच्या टीव्हीवर लावते, म्हणजे मी काय करते ते सगळ्यांना दिसेल.”

अण्णांनी मान डोलावली.

टीव्हीवर काळा पडदा आला. “आपला टोकनचा प्रोग्रॅम रुबीत आहे,” पिंकी माईकवर सांगत होती, “आणि तो आत्ता बंद आहे. म्हणजे या मशीनवर रुबीचा एकही प्रोग्रॅम चालू असायला नको. बरोबर? मागच्या वेळी मी ऐकणाऱ्यांची यादी बघितली, तिथेच फसले. आज ऐकणारे नाही, चालू असलेले सगळे बघूया.”

तिने एक ओळ टाइप केली. पडद्यावर एक नाव उमटलं. एक रुबी प्रोग्रॅम चालू होता. सकाळी सात वाजून अठ्ठावन्न मिनिटांपासून. फाइल हर्षलच्या खात्यात, लपवलेल्या फोल्डरमध्ये. फाइलचं नाव : यंत्रेश्वर.

कुणीतरी ते नाव मोठ्याने वाचलं. मग दुसऱ्याने. आवारभर ते नाव फिरलं.

पिंकीने फाइल उघडली. “नऊ ओळींचा देव आहे, वाचून दाखवते. पहिली : ड्युटीची यादी उघड. दुसरी : आज पिंकीची ड्युटी नसेल तर काही करू नकोस, निघून जा.” तिने ती ओळ पडद्यावर ठळक केली. “माझं नाव लिहिलंय यात. बघा, वाचता येतं सगळ्यांना. पुढे : असेल, तर चार हजार नंबरची जागा धर. ऐकू नकोस, उत्तर देऊ नकोस. एसटीत रुमाल टाकतात ना, तसा नुसता पडून राहा. आणि शेवटी : हर्षल सरांच्या मोबाइलवरून इशारा आला की जागा सोड. जप चालू असताना यांचा हात खिशात का असायचा, कळलं?”

तिने ती फाइल आणि चालू प्रोग्रॅमचा पुरावा आधी पेन ड्राइव्हवर घेतला. मग तो प्रोग्रॅम बंद केला, टोकनचा सर्व्हर चालू केला. ‘टोकन क्रमांक १.’ नारळ अजून अण्णांच्या टेबलावर तसाच होता.

गर्दी टीव्हीकडे बघत होती. पिंकीला तेवढं पुरेसं वाटलं नाही. तिने सर्व्हर पुन्हा बंद केला, रुमालाचा प्रोग्रॅम स्वतः लावला. टीव्हीवर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’.

“चतुराबाई, इकडे या. हे प्रोग्रॅम थांबवायचं बटण दाबा.”

“मी? माझा हात लागला तं बिघडंल ना बाई.”

“काही बिघडत नाही. दाबा.”

म्हातारीने एका बोटाने बटण दाबलं. जागा मोकळी झाली. पिंकीने सर्व्हर उठवला आणि टोकन आलं. पुन्हा बंद. पुन्हा म्हातारीचं बोट. पुन्हा टोकन.

“आता चतुराबाईंना हार घालणार का?” पिंकीने गर्दीला विचारलं. “पाया पडणार का?”

आता मात्र गर्दी फुटली. महाराज शाल आवरत मंडपाच्या मागच्या बाजूने निघाले होते. ट्रॅक्टरवाल्यांनी रस्ता दिला नाही. एकाने त्यांना ओळखलं. “अहो, हा तं गोटीराम! हर्षलचा मामा! पलीकडं मोबाइल रिपेरिंगचं दुकान होतं याचं!” दोन-चार जण हात उगारून धावले. पिंकीच माईकवर ओरडली, “मारायचं नाही! मारलंत तर उद्या हाच मार खाल्लेला साधू होईल. पोलिसांना बोलवा. जादूटोणाविरोधी कायदा आहे आपल्याकडे, तक्रार मी देते.”

हर्षल खुर्चीवर बसून राहिला होता. “गंमत होती,” तो म्हणाला. कुणी हसलं नाही.

पोलीस येईपर्यंत कारभारी अण्णा तिच्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “पिंकी, झालं गेलं विसर. चूक झाली.”

“तुम्ही मला कुणासमोर नाक घासायला सांगितलं होतं, अण्णा?”

“अगं…”

“या माईकसमोर, या माणसांसमोर. मग चूक झाली हे कानात का सांगता?”

अण्णांनी माईक घेतला. बोलताना ते तीनदा अडखळले, पण बोलले : दोष मुलीचा नव्हता, आमच्या डोक्याचा होता, आणि तिला विटाळ म्हणाले तेव्हा मी अध्यक्ष असून गप्प बसलो.

चतुराबाईने मोबाइल ज्याचे त्याला परत केले. मग ती पिंकीपुढे येऊन उभी राहिली. “मी पण तुला लांब ऱ्हाय म्हनले, पोरी.”

“हो, म्हणालात,” पिंकी म्हणाली. ‘जाऊ द्या’ असं काही ती म्हणाली नाही. तिला तसं वाटत नव्हतं. म्हातारीने ते ऐकून घेतलं, मान हलवली आणि निघून गेली.

टोकन दोन, टोकन तीन. काटा हलायला लागला. पिंकीने माईक बंद करायच्या आधी शेवटचं जे सांगितलं, ते इथे जसंच्या तसं लिहितो, कारण त्यात भर घालण्यासारखं काही नाही :

“मशीन बिघडलं तर पडद्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा. इंग्रजी येत नसेल तर ज्याला येतं त्याला विचारा. मशीनला जात कळत नाही, देव्हारा कळत नाही, बाई-पुरुष कळत नाही. हे ज्याला कळतं तो माणूस असतो, म्हणून मशीन एखाद्यावर रुसलं असं कुणी सांगितलं, तर मशीनकडे नाही, सांगणाऱ्याकडे बघा. त्याचे हात कुठे आहेत ते बघा. त्याला म्हणा, हात बाहेर काढून पुन्हा करून दाखव. आणि तोपर्यंत कुणालाही लांब उभं करू नका.”

मग ती आत गेली, सर्व्हरवरचा हार काढला आणि पंख्याला चिकटलेली कापराची काजळी ओल्या फडक्याने पुसायला लागली.